सुपरहिरोचा शत्रू कोण ठरवतो?

कृष्णधवल

गेल्या रविवारी मी माझ्या अकरा वर्षांच्या भाचीबरोबर २००८ सालचा 'आयर्न मॅन' पाहत होतो. त्याचा नायक, शस्त्रास्त्र कारखानदार टोनी स्टार्क, अफगाणिस्तानातल्या गुहेत कैद होतो तो प्रसंग आला, तेव्हा मी सहज सांगितले की कॉमिक्समधल्या मूळ गोष्टीत हा माणूस व्हिएतनाममध्ये पकडला गेला होता. तिने चित्रपट थांबवला आणि विचारले, "मामा, मग देश का बदलला?" तेव्हा अमेरिकेचे युद्ध तिकडे चालू होते आणि नंतर इकडे चालू झाले, असे मी सांगितले. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे अमेरिकेचं ज्याच्याशी भांडण, तोच वाईट?" या प्रश्नाचे नीट उत्तर मला देता आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझीही आजवरची समजूत तिच्यासारखीच होती. सरकार शत्रू ठरवते आणि चित्रकार त्याला चेहरा देतो, असे मी मानत आलो. मात्र त्या रात्री 'कॅप्टन अमेरिका' या कॉमिक्सच्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ पुन्हा काढून पाहिले आणि ही समजूत डळमळली. नायकाची मूठ हिटलरच्या जबड्यावर बसली आहे, मागून एक नाझी सैनिक गोळी झाडतो आहे आणि ती ढालीवर आपटून उडते आहे. ही ढाल अजून तिकोनी आहे, कारण गोल ढाल दुसऱ्या अंकापासून आली. जमिनीवर अमेरिकेचा नकाशा आणि घातपाताच्या योजनेचा कागद पडला आहे, तर भिंतीवरच्या पडद्यावर अमेरिकेतला दारूगोळ्याचा कारखाना उडवला जाताना दिसतो. अंकावर तारीख मार्च १९४१ ची असली तरी तो विक्रीला आला २० डिसेंबर १९४० रोजी. पर्ल हार्बरवर हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ रोजी. म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी, अमेरिका अधिकृतपणे युद्धाबाहेर असताना आणि युद्धात पडू नये असे मानणारे लोक तिथे फार मोठ्या संख्येने असताना, दोन तरुणांनी हा ठोसा काढला होता.

तर मग शत्रू कोण ठरवतो? सरकार, प्रकाशक, चित्रकार की वाचक? जाणकारांनी लिहावे.

निळी शाई

उत्तम विषय. त्या दोघांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. जो सायमन आणि जॅक कर्बी हे दोघेही ज्यू कुटुंबांतले होते. कर्बी यांचे मूळ नाव जेकब कर्ट्झबर्ग आणि त्यांचे बालपण न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या दाट वस्तीत गेले. त्याच शहरात, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, २० फेब्रुवारी १९३९ रोजी जर्मन-अमेरिकन नाझी समर्थकांची सभा भरली होती आणि तिला सुमारे वीस हजार लोक होते. शत्रू सातासमुद्रापलीकडे नसून आपल्याच गल्लीच्या टोकाला सभा घेतो आहे, हे या तरुणांनी पाहिले होते. अंक निघाल्यावर कचेरीला धमक्या येऊ लागल्या, पोलिसांचा पहारा बसवावा लागला आणि महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून धीर दिला, असे सायमन यांनी पुढे सांगितले आहे. हे सरकारी प्रचाराचे काम होते असे कोणी म्हटले तर मला ते पटणार नाही.

जुना बाजार

निळी शाई, तुमच्या भावनेचा आदर राखून थोडी वेगळी बाजू मांडतो. मी बरीच वर्षे जुन्या पुस्तकांचा आणि मासिकांचा व्यवसाय केला, त्यामुळे माझी नजर आधी खपाकडे जाते. हा अंक सुमारे दहा लाख खपला. युद्ध संपल्यावर मात्र याच नायकाचे वाचक ओसरत गेले, शेवटी मासिकाला भयकथांचे रूप देण्यात आले आणि १९५० च्या अखेरच्या अंकात तर तो स्वतःच नव्हता. पुढे कम्युनिस्टांविरुद्धच्या मोहिमेचा जोर वाढला तेव्हा प्रकाशकाने त्याला १९५३ च्या शेवटी पुन्हा उभे केले आणि १९५४ मध्ये 'कम्युनिस्टांचा कर्दनकाळ' अशा थाटाचे बिरुद देऊन त्याचे स्वतंत्र मासिक काढले. त्याचे जेमतेम तीन अंक निघाले.

शत्रू सरकारी यादीतला होता, वर्तमानपत्रे त्याच शत्रूने भरलेली होती, आणि तरीही वाचकांनी पाठ फिरवली. तेव्हा माझे उत्तर असे की शत्रू कोणीही सुचवो, त्याच्यावर शिक्का वाचकाचा बसतो.

शिसपेन्सिल

'शिक्का वाचकाचा' हे पूर्ण पटत नाही, कारण सुपरमॅनचा इतिहास पाहिला तर वाचकाच्या आधी अर्थव्यवस्था बोलताना दिसते. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी त्याला छापात आणले तेव्हा मंदीचे चटके संपलेले नव्हते. पहिल्या काही गोष्टींत तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो, भ्रष्ट सिनेटरच्या मागे लागतो आणि युद्धातून नफा कमावणाऱ्या शस्त्रास्त्र कारखानदाराला रणभूमीवर नेऊन उभे करतो. त्याचे पहिले शत्रू परदेशी नव्हतेच.

मग 'लुक' या नियतकालिकाने फेब्रुवारी १९४० मध्ये या जोडीकडून दोन पानांची गोष्ट करून घेतली, ज्यात सुपरमॅन युद्ध कसे संपवील हे दाखवले होते. तो हिटलरला उचलतो, मग स्टॅलिनला उचलतो आणि दोघांना जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभे करतो. येथे स्टॅलिन का, याचे उत्तर तारखांत आहे. ऑगस्ट १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघाचा करार झाला होता आणि पोलंड दोघांनी वाटून घेतला होता. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर चाल केली आणि त्या वर्षाअखेर अमेरिका युद्धात उतरल्यावर तोच स्टॅलिन मित्रपक्षात जमा झाला. ही गोष्ट दोन वर्षांनी लिहिली असती तर सुपरमॅनचा दुसरा हात रिकामा राहिला असता.

या गोष्टीची दखल जर्मनीतही घेतली गेली. नाझींच्या एसएस या निमलष्करी दलाच्या 'दास श्वार्त्से कोर' या साप्ताहिकाने एप्रिल १९४० मध्ये सीगल यांच्या ज्यू असण्यावर घसरून सुपरमॅनवर लेख लिहिला.

अवांतर: अमेरिका युद्धात उतरल्यावर मोठीच अडचण झाली, कारण सुपरमॅन सैन्यात गेला तर युद्ध एका दुपारी संपायला हवे. म्हणून क्लार्क केंट सैन्यभरतीच्या डोळ्यांच्या तपासणीत नापास होतो असे दाखवले गेले. भरतीच्या उत्साहात तो चुकून भिंतीपलीकडच्या खोलीतला तक्ता वाचून जातो. खऱ्या सैनिकांच्या मरणाचा अवमान होऊ नये म्हणून सर्वशक्तिमान नायकाला घरी बसवण्याचा तो निर्णय मला आजही फार समंजस वाटतो.

चैत्रपालवी

डोळ्यांच्या तपासणीचा प्रसंग ठाऊक नव्हता. वाचनखूण साठवली आहे.

पैलतीर

मी गेली एकोणीस वर्षे कॅलिफोर्नियात राहते. हिटलरला मारलेल्या ठोशाचे कौतुक सगळे करतात आणि तो कौतुकास्पद आहेच, परंतु त्याच वर्षांतली दुसरी बाजू या धाग्यावर अजून आलेली नाही.

जर्मन खलनायक रेखाटताना तो नाझी अधिकारी असे, किंवा खुद्द हिटलर असे. जर्मन माणूस म्हणून जन्मणे हा त्याचा गुन्हा नव्हता. जपानी खलनायक रेखाटताना मात्र पिवळी कातडी, पुढे आलेले दात आणि तिरके डोळे हाच त्याचा गुन्हा होता. १९४२ च्या सुपरमॅनच्या एका कार्टूनपटात जपानी घातपाती अमेरिकेतच राहत असतात आणि कचेरीच्या भिंतीवरचे अमेरिकी प्रतीक बटण दाबताच उलटून उगवत्या सूर्याचे होते. १९४३ ची बॅटमॅनची चित्रपटमालिका तर त्याहून स्पष्ट आहे. तिच्यातला खलनायक डॉ. डाका जपानी आहे आणि त्याची भूमिका एका गोऱ्या नटाने केली आहे. त्यात ओस पडलेली जपानी वस्ती दाखवताना निवेदक शहाण्या सरकारने इथल्या जपान्यांना उचलून नेल्याचे समाधानाने सांगतो.

ते 'उचलून नेणे' म्हणजे काय, हे मी पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी मुलांना घेऊन आम्ही मान्झानारला गेलो होतो. सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी, ओवेन्स खोऱ्याच्या उघड्या वाऱ्यात ती छावणी होती आणि तिथे एका वेळी दहा हजारांवर माणसे ठेवली गेली होती. नव्याने बांधलेल्या एका बराकीत लाकडी फळ्यांच्या जमिनीवर गवताने भरलेल्या गाद्या मांडल्या आहेत. फळ्यांच्या फटींतून धूळ वर येत असे आणि सकाळी अंथरुणावर तिचा थर बसलेला असे, असे तिथे राहिलेल्यांनी सांगून ठेवले आहे. फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरून सुमारे १,२०,००० लोक अशा छावण्यांत गेले. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. सरकारने माफी मागून हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर देण्याचा कायदा केला तो १९८८ मध्ये.

कृष्णधवल, भाचीला उत्तर देताना हेही सांगावे अशी विनंती आहे. 'त्या देशाशी भांडण' आणि 'त्या चेहऱ्याशी भांडण' यांत अंतर आहे, आणि चित्रांत ते अंतर फार सहज पुसले जाते.

निळी शाई

पैलतीर ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी वर लिहिलेले मागे घेत नाही, परंतु ते अपुरे होते हे मान्य करते.

रानवाट

'चेहऱ्याशी भांडण' यावरून आपल्याकडचे एक उदाहरण आठवले. टाइम्स समूहाची इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली आणि ती मराठीतही निघत असे. आमच्या घरी वडिलांनी बांधून घेतलेले वेताळाचे, म्हणजे मूळच्या 'फँटम'चे, खंड होते. शिवण घट्ट असल्यामुळे आतल्या बाजूचे संवाद वाचायला पान दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरावे लागे. डेंकालीचे जंगल, कवटीची गुहा, आणि पहिल्या वेताळाच्या बापाला मारणारे सिंगा चाचे हे सगळे आम्हाला तोंडपाठ होते.

मोठेपणी मूळ इंग्रजी गोष्टी मिळाल्या तेव्हा कळले की मुळात ते 'सिंगा' नव्हतेच, ते 'सिंग' होते. 'डेंकाली' हे मूळच्या 'बेंगाली'वर चढवलेले नाव होते आणि गोष्टीतल्या आजच्या वेताळाच्या बापाच्या खुन्याचे नाव चक्क 'राम' होते, जे आपल्यासाठी 'रामलू' करण्यात आले. लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून भारतीय संपादकांनी हे बदल केले होते. म्हणजे १९३६ साली एका अमेरिकी लेखकाला पूर्वेकडचे क्रूर चाचे हवे होते, तेव्हा त्याने आपल्या बाजूची नावे उचलली. तेव्हा आपला देश कोणाचा शत्रू नव्हता, तो स्वतंत्रही नव्हता. मला वाटते, प्रत्येक शत्रू युद्धातून येत नाही. काही शत्रू केवळ दूर राहतात, काळे-सावळे असतात आणि त्यांची बाजू मांडायला त्या भाषेत कोणी नसते.

जुना बाजार

रानवाट, इंद्रजालच्या आठवणीने फार बरे वाटले. त्या नावांच्या बदलांत माझ्या मुद्द्यालाही आधार आहे, कारण वाचक बदलला तेव्हा शत्रूचे नावही बदलावे लागले.

अभ्यासिका

शीतयुद्धाचा काळ अजून आलेला नाही म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

युरी गागारिन १२ एप्रिल १९६१ रोजी अंतराळात गेला आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात 'फँटास्टिक फोर'चा पहिला अंक आला. त्यातले चौघे अपुऱ्या तयारीनिशी यानात बसतात, कारण कम्युनिस्ट आपल्या पुढे जातील अशी त्यांना धास्ती असते. १९६२ मध्ये हल्क जन्माला येतो तो गॅमा बॉम्बच्या चाचणीत, आणि ती चाचणी वेळेत न थांबवणारा सहकारी सोव्हिएत हेर निघतो. मार्च १९६३ च्या अंकात आयर्न मॅन व्हिएतनामच्या जंगलात चिलखत घडवतो. पुढे त्याच्यासमोर जे शत्रू उभे केले गेले त्यांत क्रिम्झन डायनॅमो आणि टायटेनियम मॅन आहेत, आणि हे दोघे म्हणजे त्याच्याच चिलखताची रशियन आवृत्ती आहेत. ब्लॅक विडोही १९६४ मध्ये प्रथम आली ती सोव्हिएत हेर म्हणूनच. दोन्ही देश एकमेकांचे बॉम्ब आणि अग्निबाण मोजत बसलेले असताना खलनायकही नायकाच्याच मापाने बेतले जात होते.

पण हे सरळ रेषेत पुढे गेले नाही. व्हिएतनाममधून शवपेट्या येऊ लागल्या, विद्यापीठांतून निदर्शने झाली आणि वाचक तर विद्यापीठांतच होते. १९७५ मधल्या एका गोष्टीत टोनी स्टार्क आपल्या शस्त्रांनी व्हिएतनाममध्ये काय केले हे आठवून खचून जातो. बारा वर्षांत शत्रूकडे रोखलेले बोट फिरून नायकाकडेच वळले होते.

१९७४ सालचे उदाहरण त्याहून धाडसी आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना गोत्यात आणणारे वॉटरगेटचे प्रकरण पेटलेले असताना कॅप्टन अमेरिका एका गुप्त संघटनेच्या म्होरक्याचा पाठलाग करत थेट व्हाइट हाउसमध्ये शिरतो. त्या म्होरक्याचा मुखवटा उतरतो तेव्हा त्याचा चेहरा वाचकाला दाखवलेला नाही, मात्र तो फार उच्च पदावरचा आहे एवढे कळते. त्यानंतर नायक काही काळ आपला तारा-पट्ट्यांचा वेश उतरवून ठेवतो. हा शत्रू कोणत्याही सरकारने सुचवलेला असणे शक्य नाही.

सागरगोटा

मग आपल्याकडे असे का घडले नाही? आपली तीन-चार युद्धे झाली, तरी आपल्या सुपरहिरोंचे शत्रू देशाचे नाव लावत नाहीत. १९८६ चा हिंदी कॉमिक्समधला नागराज जगभरच्या दहशतवादाविरुद्ध लढतो. १९९७ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या शक्तिमानचा तमराज किल्विष म्हणजे साक्षात अंधार आहे. १९८७ च्या चित्रपटातला मोगॅम्बोही लष्करी पोशाख घालतो, बेटावर राहतो आणि हिंदुस्तान जिंकू पाहतो, तरी तो कोणत्या देशाचा ते शेवटपर्यंत कळत नाही.

रानवाट

सागरगोटा, मला त्याचे कारण आपल्या कथापरंपरेत दिसते. राक्षसाला पासपोर्ट लागत नाही. रामायण-महाभारत ऐकत वाढलेल्या श्रोत्याला अधर्म हाच पुरेसा शत्रू वाटतो. देशाचे नाव घेऊन लढण्याचे काम आपल्याकडे युद्धपटांनी आणि हेरपटांनी केले, सुपरहिरोंनी नाही.

शेजारच्या देशातले एक उदाहरण मात्र मला फार आवडते. पाकिस्तानात जुलै २०१३ मध्ये 'बुरखा अव्हेंजर' ही उर्दू कार्टूनमालिका दूरचित्रवाणीवर आली. तिची नायिका जिया ही शिक्षिका आहे, ती पुस्तके आणि लेखण्या शस्त्रासारख्या फेकते, आणि तिचे शत्रू म्हणजे मुलींची शाळा बंद पाडणारा भोंदू बाबा आणि भ्रष्ट पुढारी. ऑक्टोबर २०१२ मध्ये मलाला यूसुफझाईवर गोळी झाडली गेली, तेव्हा या मालिकेचे काम सुरू झालेले होते. तिथल्या कलावंतांना आपला शत्रू कुठे आहे हे नेमके ठाऊक होते, आणि तो सीमेपलीकडे नव्हता.

शिसपेन्सिल

जुना बाजार यांच्या खपाच्या मुद्द्याची आजची बाजू मांडतो. आयर्न मॅनच्या मूळ अंकांतला मँडरिन हा चिनी खलनायक होता. २०१३ च्या चित्रपटात तो पडद्यावर येतो खरा, पण पुढे कळते की तो भाड्याने आणलेला नट आहे आणि खरा सूत्रधार अमेरिकी उद्योजक आहे. या चित्रपटाची चीनसाठी वाढीव प्रसंगांची वेगळी आवृत्तीही काढली गेली. २०१६ च्या 'डॉक्टर स्ट्रेंज'मध्ये मूळचा तिबेटी गुरू केल्टिक वंशाची स्त्री झाला. तिकिटे जिथे विकायची तिथला शत्रू दाखवता येत नाही आणि तिथे खुपणारा मित्रही दाखवता येत नाही.

सरकारचा हातही नसतो असे नाही. २००८ च्या 'आयर्न मॅन'ला अमेरिकी हवाई दलाने सहकार्य केले आणि काही चित्रीकरण एडवर्ड्स हवाई तळावर झाले. उलट २०१२ च्या 'अव्हेंजर्स'च्या वेळी पेंटॅगॉनने अंग काढून घेतले, कारण शील्ड ही संघटना कोणाच्या हुकमाखाली आहे आणि अमेरिकी सैन्य तिच्या अधीन आहे की काय, हे त्यांना उमगेना.

अभ्यासिका

मूळ प्रश्नाकडे परत येताना एक गोष्ट सांगायची राहिली. जुना बाजार यांनी १९५४ च्या फसलेल्या कॅप्टन अमेरिकाचा उल्लेख केला आहे. १९६४ मध्ये हा नायक परत आणला गेला तेव्हा तो १९४५ पासून बर्फात गोठलेला होता असे सांगितले गेले. मग कम्युनिस्टांना ठोकणारा तो कोण होता, हा प्रश्न आठ वर्षे तसाच लोंबकळत राहिला. १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्ट यांनी तो सोडवला. स्वतः एंगलहार्ट युद्ध सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून सैन्यातून बाहेर पडलेले होते. त्यांनी असे दाखवले की १९५० च्या दशकातला तो माणूस मुळी खरा कॅप्टन अमेरिका नव्हताच. तो त्याचा भक्त होता, अर्धवट प्रयोगातून त्याने ती शक्ती मिळवली होती आणि त्यातून त्याचे डोके फिरले. त्याला जिकडेतिकडे कम्युनिस्ट दिसू लागले, तो निरपराध कृष्णवर्णीयांवर तुटून पडू लागला, आणि शेवटी सरकारनेच त्याला गोठवून ठेवले. खरा नायक त्याच्याशी लढतो तेव्हा समोर त्याचाच चेहरा आणि त्याचाच वेश असतो.

अठरा वर्षांपूर्वी आपल्याच प्रकाशनाने ज्याला शत्रू म्हटले, तो शत्रू ठरवणाराच चुकला होता, असे त्याच मासिकाच्या पानांवर छापले गेले. कृष्णधवल, तुमच्या 'कोण ठरवतो' या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही.

कृष्णधवल

सर्वांचे मनापासून आभार. माझी 'सरकार ठरवते' ही समजूत आता टिकत नाही. पैलतीर ताईंचा प्रतिसाद मी भाचीला वाचून दाखवला, तेव्हा तिने मान्झानार नकाशावर शोधून काढले. १९७२ ची गोष्टही तिला सांगितली.

मग आम्ही राहिलेला चित्रपट पाहिला आणि त्यानंतर १९६३ चा अंक शेजारी ठेवून दोन्हींची तुलना केली. देश बदलला आहे, पकडणारे बदलले आहेत, चिलखतही बदलले आहे. मात्र कैदेत टोनी स्टार्कला जगवणारा शास्त्रज्ञ दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे त्याचे नाव यिन्सेन आहे. व्हिएतनाममध्ये तो स्टार्कला वेळ मिळावा म्हणून पहारेकऱ्यांवर ओरडत धावून जातो आणि मारला जातो. अफगाणिस्तानातही तो त्याच कारणासाठी धावून जातो आणि मारला जातो.

भाचीने ती दोन पाने बराच वेळ पाहिली आणि विचारले, "मामा, याला एकदाही घरी का नाही जाऊ दिलं?"